पंधरा टन

"घंटाही हवी," ट्रुडी म्हणाली. "पितळेची. दोरी ओढून वाजवायची, खरीखुरी."

बंब विकणाऱ्या कंपनीचा माणूस, ब्रेंट, कॅल्क्युलेटरवर बोटं मारत राहिला.

गावच्या अग्निशमन दलाचा नवा बंब ठरवायला समितीचे चौघं दलाच्या हॉलमध्ये बसले होते. चौघंही बिनपगारी, आग लागली की हातातलं काम टाकून धावणारे. सकाळी इथेच दलासाठी पैसे जमवायला गावाचा नाश्ता झाला होता. पॅनकेकांचा वास अजून गेला नव्हता.

एल्विन हॉकनबेरी टेबलाच्या टोकाला होता. ती खुर्ची त्याच्या बायकोची, नोरीनची. मार्चमध्ये ती गेली आणि समितीतली तिची जागा दलाच्या चीफने, डीनने, त्याला दिली. भिंतीवरच्या खुंटीला तिचा आगीतला कोट अजून लटकत होता. कुणी काढला नव्हता. त्यानेही नाही.

"पुलाचं काय?" एल्विन म्हणाला.

बुच हसला. "अगदी नोरीनसारखं विचारलंस."

दर बैठकीत ती हेच विचारायची. ओढ्यावर फळ्यांचा पूल होता आणि त्याच्या तोंडाशी पाटी होती: पंधरा टन. जुना बंब त्यावरून जेमतेम जायचा. आता तो विकायचा ठरला होता. पुलापलीकडे, टेकडी चढून गेल्यावर, एल्विनचं घर. बाकी शिकाऱ्यांची खोपटं, हरणांच्या मोसमापुरती उघडणारी.

"आता किती भरतोय?" एल्विनने ब्रेंटला विचारलं.

"घंटेसकट?" ब्रेंट म्हणाला. "साडेएकोणीस टन."

"सकाळी चौदा होता."

"सकाळी त्याच्यावर काही नव्हतं, मिस्टर हॉकनबेरी. नुसता सांगाडा आणि लहान टाकी."

"टाकी मोठीच पाहिजे," बुच म्हणाला. "गावात पाण्याचा नळखांब एक तरी आहे का? थुंकून विझवायची आग?"

"टाकीला माझी ना नाही. केबिन सहा माणसांची कशाला? मागच्या आगीला आपण तिघं होतो. त्यातला तू स्लिपरांवर."

"स्लिपर घालून का होईना, आलो ना!"

"आणि तो दिव्यांचा खांब?"

"शेजारच्या गावाच्या बंबावर आहे," ट्रुडी म्हणाली. "मिरवणुकीत ते आपल्याकडे बघतात कसे, माहितीये ना तुला?"

"मिरवणूक पुलावरून जात नाही, ट्रुडी."

चीफ डीनने हात वर केला. भला माणूस. नोरीनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत पुढे होता. "एल्विन, कौंटीचं बांधकाम खातं तो पूल नवा बांधणार आहे. सांगितलंय त्यांनी."

"कौंटी तो पूल मी लग्न करून नोरीनला घरी आणलं तेव्हापासून बांधतेय."

"बरं, समज आग लागलीच. अलीकडे बंब उभा करू, तिथून पाइप टाकू."

"घर वर टेकडीवर आहे, डीन. मैलभर. एवढा पाइप अख्ख्या खोऱ्यात नाही."

ब्रेंटने मान खाली घातली. त्याला संध्याकाळच्या आत घरी पोहोचायचं होतं, पण तो तसं म्हणाला नाही. "प्रत्येकाची एकेक गोष्ट घेऊन झाली," तो म्हणाला. "तुमची राहिली, मिस्टर हॉकनबेरी. तुम्हाला काय बसवायचंय बंबावर?"

"काढा काहीतरी," एल्विन म्हणाला.

"काढायचं काय पण?" बुच तडकला. "एका पुलापायी सगळ्या गावाने डबडं घेऊन फिरायचं? पलीकडे आहे तरी कोण आता? एक तू!"

बोलून गेल्यावर त्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली. ट्रुडीने टेबलाखालून त्याला लाथ मारली. ती सगळ्यांना ऐकू आली.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," बुच म्हणाला.

"बरोबरच आहे," एल्विन म्हणाला. "एकच आहे."

चीफ खाकरला. "एल्विन, आम्ही तिघांनी एक ठरवलंय. शेवटी सांगणार होतो. या बंबाला नोरीनचं नाव द्यायचं. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर, सोन्याच्या वर्खाच्या अक्षरांत. नाव, आणि खाली तिची वर्षं."

ट्रुडीचे डोळे भरून आले होते. बुच टेबलाकडे बघत मान हलवत होता. त्यांनी हे मनापासून ठरवलं होतं, ते एल्विनला दिसत होतं. त्याने खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं.

चीफला ते पुरेसं वाटलं. "तर मग मोठी टाकी, सहा माणसांची केबिन, दिव्यांचा खांब, घंटा आणि नोरीनचं नाव. पसंत असेल त्यांनी हात वर करा."

तीन हात वर गेले. एल्विनचे दोन्ही हात कॉफीच्या कपाभोवती होते. कॉफी केव्हाच गार झाली होती.

"एकमताने, असं लिही, ट्रुडी," चीफ हळूच म्हणाला. "नोरीनचाच बंब आहे."

ट्रुडीने लिहिलं.

एल्विन उठला. खुंटीवरून बायकोचा कोट काढून त्याने हातावर घेतला. दारापर्यंत गेला आणि वळला.

"त्या अक्षरांचं वजन किती भरेल?" त्याने ब्रेंटला विचारलं.

ब्रेंटला वाटलं, खरंच विचारतोय. त्याने क्षणभर हिशेब केला. "काहीच नाही हो. वर्ख तो. फुंकलं तर उडेल."

"मग तेवढीच पाठवा," एल्विन म्हणाला. "ती येतील पुलापलीकडे."