किरकोळ दुरुस्ती

दुसऱ्या परीक्षकाचा शेरा तिसऱ्यांदा आला, तेव्हा पाइपलाइन सरांनी चहाचा कप टेबलावर आपटला.

‘अठरा तास हा आकडा कशावरून? प्रत्यक्ष मोजमाप द्यावे.’

सर ऊर्जेचं राजकारण शिकवत. पाइपलाइनवाचून त्यांचं पान हलत नसे, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलेलं. संशोधनपत्रिकेला धाडलेला लेख होता दोन महासत्तांच्या गॅसवरच्या रस्सीखेचीवर; छापण्याआधी तो परीक्षकांनी तपासायचा. सात नंबरचं पंपिंग केंद्र बंद पडलं, तर सीमेवरचं अमुक एक गाव किती तासांत गारठून हात टेकेल? छापून आला तर बढती. नाहीतर निवृत्तीपर्यंत हीच डुगडुगती खुर्ची.

परीक्षकाचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही, ही या धंद्यातली रीत. पण सरांना खात्री होती. इतका कीस काढणारा माणूस जगात एकच, आणि तो समोरच्या खोलीत विभागप्रमुख म्हणून बसतो.

त्यांनी ताईला फोन लावला. ते गाव निवडलं होतं तेच मुळी थोरली बहीण तिथे एकटी राहायची म्हणून. माहिती घरबसल्या मिळे.

“ताई, गॅसचा हीटर बंद कर आणि घर किती तासांत गार पडतं ते सांग.”

“मेल्या, बहीण आहे मी तुझी, प्रयोगशाळेतला उंदीर नव्हे!”

“माझ्या बढतीचा प्रश्न आहे गं.”

दुसऱ्या दिवशी ताईचाच फोन आला. “सतरा तास दात वाजवत बसले. अठराव्याला शेजारणीच्या हीटरपाशी पळाले. बढती झाली की जाड रजई पाठव.”

सरांनी आकडा घातला, नकाशावर ताईच्या घराचा ठिपका दिला. परीक्षकाने कधी नव्हे ते आभार मानले आणि आणखी एकच विचारलं: केंद्रावरचा पहारा कधी बदलतो? तेही ताईच्या खिडकीतून दिसायचं.

मग तीन आठवडे शेरा नाही. खोली गरम ठेवणारा रेडिएटर मधूनच टकटक करी, आणि सरांना वाटे, कोणीतरी पाठीमागे उभं राहून लेख वाचतंय.

सोमवारी बातमी आली. आदल्या दिवशी सात नंबरच्या केंद्रात स्फोट झाला होता, पहारा बदलताना. दोन्ही महासत्ता एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. सर लावत राहिले, पण ताईचा फोन दिवसभर नुसता वाजत राहिला.

मंगळवारी सर विभागप्रमुखांच्या खोलीत घुसले. “माझा लेख तुम्ही कोणाला दाखवलात?”

“मी? माझ्याकडे आला होता खरा, पण मी पहिल्याच दिवशी न वाचता परत केला. तुमचं लिखाण पगार घेऊनही वाचवत नाही, मग फुकट कोण वाचणार?”

तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन थरथरला. ताईच, असं म्हणत त्यांनी तो घाईघाईने काढला.

‘दुसऱ्या परीक्षकाचा अंतिम शेरा: मोजून पाहिले. अठरा नव्हे, अकरा तास. ठिपक्याच्या घरात नऊच. एवढी किरकोळ दुरुस्ती करून लेख छापावा.’