पहिला पास्तोर

पुलापाशी येऊन मेंढ्या थांबल्या, त्या थांबल्याच. सान आंतोनचा, जनावरांना आशीर्वाद द्यायचा सण. देवळाच्या दारात पाद्रीबाबा पवित्र पाणी घेऊन ताटकळत उभे, आणि कळप काही पाऊल टाकायला तयार नाही.

कळपापुढं काठी घेऊन आन्सेल्मो पास्तोर उभा होता. हा मान घराण्यातल्या थोरल्याचा, म्हणजे बेनिग्नोकाकाचा. कळपही त्याचाच. पण काकाचं खुब्याचं हाड मोडलं, तो चाकाच्या खुर्चीत बसला, म्हणून पुतण्या मुद्दाम सारागोसाहून आला होता. तिथं तो विम्याच्या कचेरीत कामाला. खांद्यावर नवीकोरी घोंगडी टाकलेली, तिची घडीही अजून मोडली नव्हती.

"चला की गं बायांनो!" तो विनवत होता.

"आधी विमा उतरव त्यांचा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

आन्सेल्मोचे कान लाल झाले. कळपामागं उभ्या असलेल्या मोरोक्कोच्या गड्याला त्यानं हाक मारली, "ए पास्तोर! हाक की यांना!"

दहा-बारा माणसांनी वळून पाहिलं. पास्तोर म्हणजे मेंढपाळ, आणि निम्म्या गावाचं आडनाव तेच. मेंढ्यांमागं मात्र गेले चार हिवाळे हा गडी एकटाच हिंडत होता. तो जागचा हलला नाही.

"माझं नाव द्रिस आहे," तो शांतपणे म्हणाला.

हसणं थांबलं. बेनिग्नोकाकानं खुर्ची थोडी पुढं घेतली.

"आन्सेल्मो, काठी त्याला दे."

"काका, पुढं पास्तोरच चालतो. आजवर कधी मोडलंय का हे?"

"आपला पहिला पास्तोर कुठला, ठाऊक आहे?"

"इथलाच की."

"कसला इथला! माझे आजोबा सांगायचे, डोंगरापलीकडून कळपामागं आला होता. एकटाच. गावाला त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून सगळे पास्तोर म्हणायला लागले. तेच चिकटलं आपल्याला."

"मग खरं नाव काय होतं त्याचं?"

"कुणी ध्यानात ठेवलं नाही."

आन्सेल्मोनं काठी पुढं केली. द्रिसनं ती लगेच घेतली नाही.

"मी देवळाच्या दारापर्यंतच येईन, आत नाही," तो काकाला म्हणाला.

"तिथवरच जायचंय."

द्रिस पुढं झाला. त्यानं जिभेनं टक् टक् आवाज केला. सगळ्यात म्हातारी मेंढी पुलावर चढली आणि तिच्यामागं सगळा कळप घंटा वाजवत निघाला.

देवळाशी पोचल्यावर पाद्रीबाबा खुर्चीकडं वाकले. "बेनिग्नो, आशीर्वाद देताना कळप आणणाऱ्याचं नाव घ्यायचं असतं. पास्तोरच म्हणू ना?"

काकानं द्रिसला जवळ बोलावलं.

"पोरा, तुझं पुरतं नाव सांग," तो म्हणाला. "सावकाश सांग. मला पाठ करायचंय."