तिसरी रांग

"फ्लॉसी, तिसरी रांग अख्खी मख्ख बसलीय!" स्टुडिओचा मालक रॅडमेकर अंधारात तिच्या कानाशी फिसकारला.

सिनेमाची नायिका फ्लॉसी मुलवेनी पुढे वाकून त्या रांगेकडे बघू लागली. नवा विनोदी मूकपट रॅडमेकर आधी पॅसाडेनाच्या या थिएटरात दुपारच्या खेळाला गुपचूप लावायचा. त्याचं एक शास्त्र होतं. पुढच्या दोन रांगा पोराटोरांच्या, ती कशालाही हसतात. मागचे शेजाऱ्याकडे बघून हसतात. तिसरी रांग हसली तरच माल खरा. फ्लॉसीचे आधीचे दोन सिनेमे आपटले होते. वय छत्तीस. हाही आपटला की तिला नारळ मिळणार, हे गेटवरच्या पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक होतं. घरी आता वाट बघणारं कोणी नव्हतं. उरलं होतं ते एवढं काम, तेही धडपडण्याचं.

पडद्यावर ती शिडीवरून पिठाच्या पिंपात कोसळली. हा प्रसंग आठ वेळा घेतला होता. "काहीही बरळ गं, ओठ हलले की झालं. आवाज कुठे उमटतोय?" दिग्दर्शक म्हणाला होता. पांढरंफटक तोंड वर काढून ती कॅमेऱ्याकडे बघत हुंदके देत काहीतरी बोलली. लगेच पाटी आली : 'अगं बाई, माझा केक!'

थिएटर गडगडलं. एक जाडा गृहस्थ हसता हसता खुर्चीवरून घसरला.

तिसऱ्या रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात धरला. बाकीचे मान खाली घालून बसले.

"आटोपलं," रॅडमेकर उठला. "उद्या येऊन तुझं सामान घेऊन जा."

फ्लॉसीने लाज सोडली. खेळ सुटल्यावर ती दारात त्या रांगेला आडवी गेली. "काय चुकलं माझं? बाकी सगळे हसले की हो! तुम्हालाच काय झालं?"

ती माणसं एकमेकांकडे बघून भराभरा हातवारे करू लागली. मघाचची बाई पुढे आली. तिने पर्समधून पेन्सिल काढली आणि जाहिरातीच्या कागदामागे लिहिलं :

'आम्ही बहिरी माणसं, ओठ वाचतो. पिंपातून वर येऊन तुम्ही म्हणालात, काल माझ्या बाळाला पुरलं, आता मला उठवू नका. त्यावर कसं हसायचं, बाई?'