एका 'ओके'वर अमेरिका

देवाशपथ, शब्दन् शब्द खरा! बाळंतीण लेकीसाठी डिंकाचे लाडू घेऊन मी एकटी अमेरिकेत उतरले. इंग्रजी येत होतं एकच, 'ओके'.

विमानतळावरच्या साहेबाने डबा उघडला आणि कचऱ्याची बादली ओढली. "ओके?" मी ओरडले. म्हणजे, 'मेल्या, हात तर लावून बघ!' तो दचकला. मग मी हातांचा पाळणा करून बाळ जोजवलं. "ओकेऽऽ." म्हणजे, 'लेक वाट बघतेय रे.' त्याने एक लाडू चाखला आणि बघता बघता अर्धा डबा फस्त केला. "ओके!" म्हणत उरलेले परत दिले.

लेकीलाही हेच सांगितलं. ती म्हणाली, "आई, मग तुझ्या पदरावर हे खोबरं कसलं?"

"ओके," मी पुटपुटले. म्हणजे, साहेबाने एकच खाल्ला होता. बाकीचे विमानात मीच.