‘ळ’ छाप

"अरे, जोर काय लावतोस? शाई आहे ती, गंजलेला नट नाही!" बाबांनी मुलाच्या हातातली सिरिंज काढूनच घेतली.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर प्रिंटरचं काढलेलं हेड, कोमट पाण्याची वाटी आणि टिश्यूची चळत. हेडच्या पोटाखाली केसाहून बारीक भोकं होती आणि गेला महिनाभर ती ठार बंद होती. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच निकाल दिला होता: फेका आणि नवा घ्या. ते ऐकून बाबा खवळले. चाळीस वर्षं त्यांनी आपल्या दुकानात फाउंटन पेनं दुरुस्त केली होती. गिऱ्हाइकं त्यांना निबकाका म्हणत. सुकलेल्या शाईला घाबरणारा माणूस त्यांच्या मते दुरुस्तीवालाच नव्हे.

मुलाची पंचाईत वेगळीच होती. प्रिंटर सुरू झाला की पहिला कागद कोणता काढायचा, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. 'दुकान भाड्याने देणे आहे.' महिन्यापूर्वीच त्यानं तो मजकूर टाइप करून ठेवला होता. बायकोशी बोलून झालं होतं, बाबांशी नाही. बोलणार कुठल्या तोंडानं? दुकानात दिवसाकाठी एक माणूस यायचा, तोही पत्ता विचारायला. बाबांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. सगळं खरं होतं. पण बाबांसमोर विषय काढायची वेळ आली की तो दुसरंच काहीतरी बोलून उठायचा.

"टिश्यू भिजव. निथळता नको, नुसता ओला. त्यावर हेड ठेव आणि हाताची घडी घालून बस," बाबा म्हणाले. "शाईला आपणहून सुटावंसं वाटलं पाहिजे."

हे वाक्य त्यानं लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. शाळा सुटली की दप्तरासकट तो दुकानात. एका स्टुलावर बाबा, दुसऱ्यावर तो, आणि मध्ये पाण्याच्या वाट्यांत तरंगणारे शाईचे धागे. पेन धुवून, जोडून झालं की तपासायचा मान त्याचा. पहिल्यांदा त्यानं मोठ्या ऐटीत स्वतःचं नाव लिहिलं, तर डोक्यात टपली बसली. "नाव नाही लिहायचं. नाव हात सवयीनं लिहितो, निबचा दोष लपतो. 'ळ' लिही. त्यात निबला दोन्हीकडे वळावं लागतं. तिथं अडली की समजायचं, काम बाकी आहे." मग काय, पानंच्या पानं 'ळ'. गणिताच्या वहीतसुद्धा 'ळ'. शेवटी बाईंनी चिठ्ठी पाठवली, मुलगा एकाच अक्षरावर अडकला आहे. बाबांनी ती चिठ्ठी काउंटरच्या काचेखाली ठेवली आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवली. काय दिवस होते ते! त्या आठवणीनं त्याला हसू आलं. तीच काच, तोच काउंटर तो परक्याच्या हवाली करायला निघाला होता.

अर्ध्या तासानं बाबांनी हेड अलगद उचललं. टिश्यूवर डाग उमटला होता. मुलगा त्याकडे बघतच राहिला. प्रिंटरची शाई काळीकुट्ट असते. हा डाग निळसर काळा होता, कडेला जांभळट. शाळेच्या एकूण एक सदऱ्याच्या खिशाला हाच रंग लागलेला असायचा, आणि त्यावरून आई बापलेकांना एकदमच फैलावर घ्यायची.

"बाबा, ही आपल्या दुकानातली शाई आहे."

"आहे."

"प्रिंटरमध्ये कशी गेली?"

"मी ओतली." बाबा सिरिंजमध्ये पाणी भरत होते. "बाटलीच्या तळचा गाळ मुद्दाम निवडून ओतला. तू ती जाहिरात स्क्रीनवर उघडी टाकून आंघोळीला गेलास ना, त्या दिवशी."

मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांचं मात्र हेडवर थेंब थेंब पाणी सोडणं चालूच होतं.

"लोकांची अकरा पेनं पडून होती माझ्याकडे. ती अर्धवट टाकून दुकान कसं देणार? म्हटलं, काढू थोडे दिवस. एकेक नीट केलं, ज्याचं त्याला घरी नेऊन दिलं. फिरायला जातो म्हणायचो ना, ते हेच. शेवटचं काल पोचवलं." त्यांनी हेड झटकलं, पुसलं आणि पुढे केलं. "टाकी मी सकाळीच धुवून नवी शाई भरलीय. बसव."

मुलानं हेड बसवलं. प्रिंटर दोनदा खाकरला आणि त्यानं तपासणीचा कागद बाहेर ढकलला. सगळ्या रेघा सलग होत्या.

"रेघा काय बघतोस? 'ळ' छाप."

त्यानं पानभर मोठा 'ळ' छापला. बाबांनी कागद खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर सरकवून त्या अक्षराच्या दोन्ही वळणांवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली. कुठेच अडलं नव्हतं.

"आता ती जाहिरात काढ," ते म्हणाले.

"राहू द्या हो बाबा. एवढी काय घाई आहे?"

"काढ रे. माझं समाधान झालंय." बाबा खिडकीतून रस्त्याकडे बघत म्हणाले, "कोपऱ्यावर दोन मिनिटांत छापून मिळतं. महिनाभर बघत होतो, तू काही गेला नाहीस."