पत्र्याचं घर

पुलेंग फाटकातून आत आली तेव्हा तिची आई गवती छपराच्या जुन्या गोल घराच्या दाराशी गुडघे टेकून बसली होती. कोपरापर्यंत हात शेणमातीने भरलेले. भिंतीतली एकेक भेग ती अंगठ्याने दाबून बुजवायची आणि वरून तळव्याने सारवायची.

मे संपत आला होता, इकडचा हिवाळा तोंडावर होता. वरच्या कड्यांवर दोनदा बर्फ भुरभुरून गेलं होतं. म्हणूनच पुलेंग दोन दिवसांची रजा काढून राजधानीहून आली होती. तिच्या पिशवीत नव्या घराच्या खिडक्यांना लावायच्या रबरी पट्ट्या होत्या आणि एक जाड ब्लँकेट. नवं घर अंगणाच्या वरच्या अंगाला उभं होतं. चौकोनी, सिमेंटच्या विटांचं, वर लाल पत्रा. कपड्यांच्या कारखान्यात सहा वर्षं जादा पाळ्या करून तिने ते बांधलं होतं. गावात तसं दुसरं नव्हतं.

"हे काय चाललंय, आई?"

आई दचकली. भोपळे ठेवायला जागा करतेय म्हणाली. मग म्हणाली, कोंबड्यांनाही होईल.

पुलेंगला राग आला. रस्त्यावरून दोन बाया बघत बघत गेल्या होत्या. लेकीने एवढं घर बांधून दिलं आणि म्हातारी अजून शेणात हात घालून बसलीय, असं गाव म्हणेल, असं काहीसं ती बोलली आणि पाण्याचं घमेलं आत उचलून ठेवायला खाली वाकून दारातून शिरली.

आत भोपळे नव्हते. चुलीत निखारे होते. भिंतीलगत आईचं अंथरूण होतं, उशाशी चष्मा आणि खोकल्याच्या औषधाची बाटली.

घमेलं हातातच राहिलं. "कधीपासून?"

आईने आधी हात फडक्याला पुसले. मग दारात उभं राहून, आपलीच चूक कबूल करावी तसं, हळूहळू सांगितलं. गेल्या हिवाळ्यापासून. त्या घरात रात्री पत्रा आतून घामेजतो, पहाटे ते पाणी गोठतं, आणि ऊन वर आलं की अंथरुणावर ठिबकायला लागतं. जमिनीचा गारठा गुडघ्यात शिरतो. शेणी पेटवाव्यात तर धूर जायला वाट नाही.

"उन्हाळ्यात मात्र फार छान असतं हं," ती घाईने म्हणाली.

पुलेंगने घमेलं खाली ठेवलं. पिशवीतून त्या पट्ट्यांचं भेंडोळं बाहेर डोकावत होतं. तिने ते आत ढकललं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली. शेजारची मामोहाऊ. डोक्यावर पाण्याची बादली, अंगावर ब्लँकेट घट्ट आवळलेलं. पुलेंगला बघून ती आनंदाने आतच आली. बरं झालं आलीस म्हणाली, तुझे आभार मानायचे होते. तुझी आई नळावर रोज सांगते, लेकीच्या घरात रात्री ब्लँकेटसुद्धा नको वाटतं. ते ऐकून ऐकून तिने शेवटी आपल्या मुलाच्या, मोहाऊच्या मागे लकडा लावला होता. त्यानेही आईचं ऐकलं. भिंती उभ्या राहिल्या होत्या. पत्रे परवा ट्रकमधून आले होते. रविवारी चढवायचे होते.

आई जमिनीकडे बघत होती. पोरगी प्रवासातून आलीय, चहा टाकते, असं ती म्हणाली, पण जागची हलली नाही.

पुलेंगला गप्प बसता आलं असतं. आईची तीच इच्छा होती, ते दिसत होतं.

"काकू, आई त्या घरात झोपत नाही," ती म्हणाली. "तिथे गारठा असतो. पत्रे चढवा तुम्ही, पण तुमचं जुनं छप्पर तेवढं राहू द्या."

मामोहाऊने डोक्यावरची बादली खाली उतरवली. दाराशी येऊन आत वाकून बघितलं. अंथरूण बघितलं, चूल बघितली. बराच वेळ ती तशीच वाकलेली होती.

"आज सकाळीच उतरवलं," ती म्हणाली.

जुने वासे नव्या घराला लागणार होते. गवत कुजलेलं होतं, ते तिने चुलीला घातलं होतं. नवं गवत कापणीला येईपर्यंत निम्मा हिवाळा सरतो.

आईने अंगावरच्या ब्लँकेटचं टोक तोंडावर धरलं. मी तसं बोलायला नको होतं, एवढंच तिला म्हणता आलं. मामोहाऊ रागावली नाही. ती रागावली असती तर पुलेंगला बरं वाटलं असतं. उलट आईनेच पुन्हा पुन्हा सांगितलं, अंथरूण घेऊन इकडे ये, संध्याकाळपर्यंत ही भिंत होईल, दोघींना पुरेल. मामोहाऊने मान हलवली. येते म्हणाली की नाही, ते कळलं नाही.

पुलेंगने बादली उचलून तिच्या डोक्यावर दिली.

"मोहाऊ तुमच्या तिकडेच टॅक्सी चालवतो ना?" मामोहाऊने विचारलं. "भेटतो कधी?"

"भेटतो ना, काकू. स्टँडवर असतो."

"यातलं काही बोलू नकोस त्याला. हौसेने पाठवलेत पत्रे पोराने." ती बादली सावरत फाटकाकडे वळली. "विचारलंच तर सांग, म्हातारीला यंदा थंडी वाजत नाही."