वाढप

"घालू का, काय घालू का? गुरांना घालतात, माणसांना वाढतात," सासूबाई ताटावर पुटपुटल्या. "तीन महिने ऐकतेय. हॉस्पिटलातून ही कुठली भाषा उचलून आणलीस, सूनबाई?"

मी डावभर आमटी त्यांच्या वाटीत ओतली.

तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या मांडीच्या हाडातली गाठ पडद्यावर दाखवली होती. "कायनेज नावाची प्रथिनं असतात. ती पेशींच्या कानाशी 'वाढ, वाढ' करत बसतात. ही गोळी त्यांचं तोंड दाबून धरते. गाठ जाणार नाही, पण वाढ मंदावेल." त्या दिवसापासून जेवणाच्या वेळीसुद्धा तो शब्द माझ्या तोंडून निघेना. गोळी मात्र रोज सकाळी आठच्या ठोक्याला दिली, एकदाही चुकवली नाही.

आज सकाळी नव्या स्कॅनचा रिपोर्ट फोनवर आला. ह्यांनी आणि मी तो गाडीत बसून दोनदा वाचला. मग वर येऊन लेकीला म्हटलं, "यायचाय अजून, तू जेवून घे." तेव्हापासून हे मान खाली घालून एकाच घासाशी खेळत होते.

लेकीनं तिचं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"आजी, आईला बोलू नकोस गं," ती म्हणाली. "आई, रिपोर्ट माझ्याही फोनवर येतो. गाठ वाढलीय."